दरबार हॉलमध्ये आपण नाटक का करत नाही

आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. तालीम संपलेली असते, दांडिया बाजारातल्या कुणाच्या तरी वरच्या खोलीत चहा फिरत असतो, आणि ग्रुपमध्ये नवीन आलेली एखादी मुलगी म्हणते, ‘‘काका, आपल्या बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेससारखी जागा असताना आपण शाळेच्या हॉलमध्ये पत्र्याखाली का नाटक करतो? दरबार हॉलमध्ये करू या ना!’’

परवानगी, भाडं, विमा या गोष्टी बाजूला ठेवू. मी गेली बरीच वर्षं ग्रुपचा साउंड बघतो, म्हणजे माइकने शिट्टी मारली की सगळे ज्याच्याकडे रागाने बघतात तो माणूस मी. त्यामुळे उत्तर कानाच्या बाजूने देतो. दरबार हॉल हे नाट्यगृहच आहे, आणि पहिल्या प्रतीचं आहे. पण ते डोळ्यांसाठी बांधलंय. आपलं नाटक कानांचं. या दोन वाक्यांमध्ये जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास, थोडं स्थापत्य आणि थोडं भौतिकशास्त्र बसतं.

आधी इमारत. 1875 मध्ये कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून बडोद्याच्या गायकवाडांच्या गादीवर आला, ते आपले महाराज सयाजीराव. महाराज लहान, कारभार दिवाण सर टी. माधवरावांच्या हातात. माधवराव तंजावरकडचे मराठी, त्याआधी त्रावणकोरचे दिवाण. पुढे बडोद्यात दक्षिणेची जी माणसं दिसतात त्यांचा धागा पुष्कळदा इथे लागतो. चित्रकार राजा रविवर्मा 1881 मध्ये महाराजांच्या हाती कारभार आला त्या सोहळ्याच्या वेळी इथे आले ते याच ओळखीवर, आणि पुढे दरबार हॉलसाठी त्यांनी 14 पौराणिक चित्रांची मालिका करून दिली. महाराजांचं लग्नही 1880 मध्ये तंजावरच्या मुलीशी झालं, त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी बडोद्याच्या दरबारात आल्या.

राजवाड्याचा आराखडा केला मेजर चार्ल्स मँट यांनी. हे लष्करातले इंजिनियर. कोल्हापूरचा न्यू पॅलेस त्यांचाच, अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारतही त्यांची. लक्ष्मी विलासचं काम सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि 1881 मध्ये मँट वारले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट बडोद्यात प्रत्येक गाइड सांगतो: आपली गणितं चुकली, राजवाडा कोसळणार, या धास्तीने त्यांचं डोकं फिरलं आणि त्यांनी जीव दिला. यात खरं किती आणि तिखट-मीठ किती, ते ज्याने त्याने ठरवावं. इमारत मात्र उभी आहे. काम पुरं केलं रॉबर्ट चिझम यांनी. ते मद्रासला काम करणारे इंग्रज वास्तुकार, तिथलं सिनेट हाउस बांधून हात बसलेला. 1890 मध्ये वाडा पूर्ण झाला.

मँटना भीती वाटली असेल तर कशाची, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण मोठ्या नाट्यगृहाचं पहिलं संकट तेच असतं. शेकडो माणसं एका छताखाली बसवायची आणि मध्ये खांब नको. खांब आला की त्याच्यामागे बसलेल्याचे पैसे वाया. दरबार हॉल साधारण 5000 चौरस फुटांचा, आणि मध्ये एक खांब नाही. दगड-विटांच्या जमान्यात एवढं अंतर ओलांडायला कमान किंवा घुमट लागतो, नाहीतर भक्कम कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांवर, तोललेलं छत.

कमान कशी उभी राहते ते दोन माणसांत करून बघता येतं. फुगडी घालताना काय होतं? दोघी मागे रेलतात आणि हातांची ओढ दोघींना सावरते. कमान म्हणजे याच्या बरोबर उलट. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, तळव्याला तळवा लावायचा आणि एकमेकांवर पुढे रेलायचं. पडत नाही, कारण एकाचं ओझं दुसऱ्यावर. पण पायाखाली गुळगुळीत फरशी असेल तर पाय बाहेर सरकू लागतात. कमानीचं सगळं दुखणं या पायांत आहे. ती खाली दाबते तशी बाजूलाही ढकलते. ते ढकलणं पेलायला भिंत जाड हवी, किंवा शेजारी दुसरी कमान हवी, किंवा दोन्ही पाय बांधून ठेवणारा लोखंडी गज हवा. जुन्या वाड्याच्या भिंती उगीच हात-हात जाड नाहीत. आणि ते ढकलणं किती, हे कागदावर मांडणं त्या काळी सोपं नव्हतं. मँटच्या गोष्टीवर लोकांचा विश्वास का बसतो, ते त्यामुळे मला समजतं.

घुमट म्हणजे तीच कमान गोल फिरवलेली. चिझमनी बडोद्यात तोही करून दाखवला. सयाजीगंजातल्या आर्ट्स फॅकल्टीचा, म्हणजे जुन्या बडोदा कॉलेजचा घुमट, त्याला विजापूरच्या गोलघुमटाची प्रेरणा. तिथे अडचण अशी की खालची खोली चौकोनी आणि वरचा घुमट गोल. चौकोनाच्या डोक्यावर गोल टोपी ठेवली की चार कोपरे उघडे. विजापूरच्या गवंड्यांनी यावर फार देखणा तोडगा काढला: भिंतींच्या आतून आठ कमानी अशा उठवल्या की त्या एकमेकींना छेदत जातात आणि वरून बघितलं तर आठ टोकांची चांदणी दिसते. चांदणीच्या पोटात जो आठ बाजूंचा घेर उरतो, तो गोलाच्या जवळचा. त्यावर घुमट बसवला. घुमट 1656 मध्ये पुरा झाला, बाहेरून सुमारे 44 मीटर व्यासाचा, आणि अजून जगातल्या मोठ्या घुमटांत त्याचं नाव घेतात.

गोलघुमट शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी बघितला आहे, आणि सगळ्यांनी तिथे एकच गोष्ट केली आहे. ओरडून बघितलंय. शब्दाची व्युत्पत्ती काही असो, मराठी कानाला घुमट आणि घुमणं सख्खी भावंडं वाटतात. ते घुमणं म्हणजे काय, ते पुढे येतंय.

त्याआधी दरबार हॉल डोळ्यांसाठी आहे असं मी का म्हटलं ते सांगतो.

आपण नाट्यगृह म्हणतो तेव्हा मनात एक पेटी असते. एका टोकाला रंगमंच, त्याला महिरपीसारखी चौकट, चौकटीला पडदा, दोन्हीकडे विंगा, आणि समोर काळोखात बसलेले आपण. ही पेटी युरोपातून आली. मुंबईचं गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस तिचा आपल्याकडचा सर्वात थाटाचा नमुना. 1911 मध्ये ते अर्धंमुर्धं बांधून झालं असताना पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं, 1912 मध्ये काम पुरं झालं, 1993 मध्ये बंद पडलं आणि दुरुस्त होऊन 2016 मध्ये पुन्हा उघडलं. तिथे प्रेक्षागृहात खासगी कक्ष आहेत, ज्यांना बॉक्स म्हणतात. बॉक्समध्ये बसणारा नाटक बघायला येतो तसाच दिसायलाही येतो. आज कोण कुणाबरोबर आलंय, साडी कुठली, हे सगळ्या थिएटरला कळावं अशी ती जागा.

दरबार हॉलमध्ये बॉक्सच्या जागी काय आहे? वरती लाकडी नक्षीचे झरोके. तिथे राण्या आणि राजघराण्यातल्या बायका बसायच्या. मुंबईचा बॉक्स दिसण्यासाठी, बडोद्याचा झरोका न दिसण्यासाठी. मला विचाराल तर सगळ्या हॉलमधली सर्वात चांगली सीट तीच. उंचावरून सगळा सोहळा दिसतो, कोण कुठे चुकला तेही दिसतं, आणि आपल्या तोंडावर हसू आलं तर खाली कुणाला पत्ता लागत नाही. गंमत अशी की युरोपातल्या बॉक्सने प्रेक्षकाला नट केलं, आणि आपल्या झरोक्याने राणीला शुद्ध प्रेक्षक.

झरोक्याखाली मात्र शुद्ध प्रेक्षक कुणी नसतो. दरबारात विंग नाही, पडदा नाही, काळोख नाही. गादी हे एकच रंगपीठ, आणि बाकीचे मानाप्रमाणे डावी-उजवीकडे बसलेले. मानकऱ्याने दारातून आत यायचं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून तो लांबलचक रस्ता चालायचा, मुजरा करायचा, नजराणा द्यायचा आणि पाठ न दाखवता मागे सरायचं. नाटकवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. लांब एन्ट्री, बिनशब्दाचं काम, मग एक्झिट. पायाखाली व्हेनिसच्या पद्धतीची मोझेकची फरशी, जी घालायला तिकडचे बारा कारागीर दीड वर्ष इथे होते असं सांगतात. बाजूंना युरोपात बनवलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या. दिवसा त्यातून येणारं ऊन म्हणजे जिलेटिन लावलेला स्पॉटच की! रंग फरशीवर पडतो, फरशी तो वर फेकते, आणि त्यातून जरीचा अंगरखा चालत जातो. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, सगळं जागेवर. फक्त संवाद नाहीत. दरबारात बोलतं कोण? चोपदार ललकारी देतो, आणि ती सगळ्यांना आधीच पाठ असते.

या मूक नाटकाचे नियम किती काटेकोर असत याचा सर्वात गाजलेला पुरावा आपल्याच महाराजांनी दिला. 12 डिसेंबर 1911, दिल्ली दरबार. एकेक संस्थानिक पंचम जॉर्जपुढे येतो, लवतो, पाठ न दाखवता मागे सरतो. सयाजीराव आले, थोडकं लवले आणि वळून पाठ करून चालते झाले. दागिनेही जेमतेम. हे सगळं कॅमेऱ्याने टिपलं, चित्रफीत इंग्लंडात दाखवली गेली आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. पुढे महाराजांना खुलाशाचं आणि दिलगिरीचं पत्र लिहावं लागलं. हेतू होता की गोंधळ, यावर अजून लोक वाद घालतात. माझं मत एवढंच, की ज्याच्या घरात 21 वर्षं असा हॉल होता त्याला पाठ दाखवण्याचा अर्थ ठाऊक नव्हता, हे मानणं मला जड जातं. आपल्याकडे पहिल्या तालमीला दिग्दर्शक हेच शिकवतो ना? प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, आणि दाखवलीच तर तिला अर्थ हवा.

तर असं हे डोळ्यांचं नाट्यगृह. अंगावर घातलेली वस्त्रं मात्र नाना प्रांतांतली. या शैलीला इंडो-सारसेनिक म्हणतात. शब्द अवघड, वस्तू बडोदेकराला रोजची. आपली सेव-उसळ आठवा. खाली उसळ, वर सेव, बाजूला तरी, कांद्याची पात, लिंबू. चमच्यात एकत्र येतं, पण प्रत्येक वस्तू वेगळी ओळखता येते. लक्ष्मी विलासच्या 500 फुटांहून लांब दर्शनी भागाकडे तसंच बघा. एकीकडे राजपूत छत्र्या, कुठे जैन देवळातल्यासारखं नक्षीकाम, कुठे गुजराती झरोका, कुठे मुघल कमान, आणि डोक्यावर घुमट. आतला आराखडा मात्र विलायती हिशेबाचा. एका बाजूला सार्वजनिक भाग, मध्ये महाराजांचे महाल, दुसऱ्या बाजूला जनाना. काही जाणकार या मिश्रणाला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही, मला सेव-उसळ आवडते.

आता कानाकडे येऊ. याच भागासाठी हा सगळा खटाटोप आहे.

तुम्ही खोलीत एक शब्द बोललात. तो सरळ समोरच्याच्या कानात जातो, ते पहिलं ऐकणं. तोच शब्द भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटून परत येतो, पुन्हा आपटतो, पुन्हा येतो. आवाज एका सेकंदात साधारण 340 मीटर जातो. समोरची भिंत 17 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 34 मीटर, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. एवढं अंतर पडलं की कान म्हणतो, हा दुसरा आवाज. तो प्रतिध्वनी. भिंती जवळ असतील तर परत आलेले हजारो तुकडे एकात एक मिसळून शब्दाला शेपटी फुटते. ते घुमणं. रिकाम्या फ्लॅटमध्ये सामान आणायच्या आधी आपण बोललो की आवाज जसा मोठा आणि भुताळी वाटतो, तेच.

शेपटी किती लांब, हे कशावर ठरतं? खोली किती मोठी, आणि खोलीतल्या वस्तू किती आवाज गिळतात, या दोनच गोष्टींवर. हे आज सोपं वाटतं, पण दरबार हॉल पुरा झाला तेव्हा जगात कुणालाही हे गणित येत नव्हतं. राजवाडा 1890 चा. 1895 मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने एक नवं व्याख्यानगृह उघडलं आणि त्यात प्राध्यापक बोलले की विद्यार्थ्यांना काही कळेना. एकेक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण शिक्षकाला सांगण्यात आलं, बघ जरा हे. त्याच्याकडे एक ऑर्गनची नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. विद्यापीठाच्या सँडर्स थिएटरमध्ये खुर्च्यांवर गाद्या होत्या. हा माणूस रात्री त्या गाद्या उचलून आणायचा, व्याख्यानगृहात अंथरायचा, नळी वाजवून थांबवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजमाप. सकाळ व्हायच्या आत सगळ्या परत. अशा पुष्कळ रात्रींनंतर 1898 मध्ये त्याला सूत्र सापडलं, आणि 1900 मध्ये बोस्टनचा सिंफनी हॉल त्या गणिताने बांधला गेला.

सूत्र असं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला 0.161 ने गुणा आणि खोलीतल्या एकूण ‘शोषणा’ने भागा. उत्तर सेकंदांत. हा तो वेळ, ज्यात आवाज दहा लाखाव्या भागावर उतरतो. शोषण मोजायला सॅबिनने माप घेतलं उघड्या खिडकीचं. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचं एक माप. संगमरवराचा चौरस मीटर शंभरात एक-दोन भागच गिळतो, बाकी सगळा आवाज परत फेकतो. काच, चुना, मोझेक याच जातीचे. जाड गालिचा बरंच गिळतो. आणि खुर्चीवर बसलेला माणूस, कपड्यांसकट, साधारण अर्धी उघडी खिडकी! नाट्यगृहाच्या भाषेत सांगायचं तर प्रेक्षक हाच सर्वात चांगला ध्वनिशोषक. रिकाम्या हॉलमधली तालीम ऐकून साउंड ठरवू नका, असं मी गळा सुकवून सांगतो ते यासाठी.

आता दरबार हॉलसारखा हॉल कागदावर घेऊ. 5000 चौरस फूट म्हणजे सुमारे 465 चौरस मीटर. उंची मी 12 मीटर धरतो. हे माझं गृहीत, हिशेबाच्या सोयीसाठी. घनफळ झालं साधारण 5600 घनमीटर. त्याला 0.161 ने गुणलं की 900. चेंडू आता शोषणाकडे. रिकामा हॉल, खाली मोझेक, बाजूला काच आणि दगड: शोषण 150 धरू. 900 भागिले 150, सहा सेकंद. अशा ठिकाणी ‘‘आई, मी येतो गं’’ म्हटलं तर ‘आई’ घुमत असतानाच ‘येतो गं’ तिच्या अंगावर येऊन पडतं. आता 300 माणसं बसवा. प्रत्येकी अर्धी खिडकी, म्हणजे 150 ची भर. शोषण 300, वेळ तीन सेकंद. निम्म्यावर आलं, तरी नाटकाला पुरेसं नाही. बोलण्याला एक सेकंदाच्या आसपास बरं. मग गालिचे, गाद्या, लोड, मखमली पडदे टाका आणि शोषण 600 ला न्या, तेव्हा कुठे दीड सेकंद येतो.

म्हणजे लोड-तक्के आणि गालिचे हा नुसता थाट नव्हता. बैठकीवर बसून गाणं ऐकायची आपली जी रीत, तिच्यात ध्वनिशास्त्र आपोआप सांभाळलं जातं. कुणी गणित केलं नसेल, पण गादी अंथरल्यावर गाणं नीट लागतं हे कानांना कळत होतं.

आणि गाण्याला घुमणं सगळंच वाईट नसतं. इथे बडोद्याची खरी श्रीमंती येते. मौलाबक्षांनी 1886 मध्ये इथे संगीतशाळा काढली. सूरसागरासमोरची आपली परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, जिथे आज नाटकाचंही शिक्षण मिळतं, ती त्याच रोपाचं झाड. पुढे आग्रा घराण्याचे फैयाज खाँ दरबारचे गवई झाले आणि 1950 मध्ये वारले तेही बडोद्यातच. आग्र्याची नोम-तोम आलापी, म्हणजे शब्दांऐवजी ‘नोम’, ‘तोम’ अशा अक्षरांवरची संथ आलापी, डोळ्यांसमोर आणा. खर्जातला एक सूर लावला, धरला, सोडला आणि पुढचा सूर यायच्या आत त्याची शेपटी हॉलमध्ये तरंगतेय. जणू भिंतीच तानपुरा धरून बसल्यात. तिथे दोन-अडीच सेकंदांचं घुमणं म्हणजे फुकटची साथ. पण तेच बुवा द्रुतात गेले आणि सेकंदाला आठ सुरांची तान घेतली, तर तीन सेकंदांच्या हॉलमध्ये चोवीस सुरांच्या शेपट्या एकमेकींत अडकतात. तान दाणेदार न राहता तिचं पिठलं होतं. लग्नाच्या मोठ्या हॉलमध्ये बँड वाजतो तेव्हा आपण हेच पिठलं खातो.

आपल्या संगीत नाटकाचीही हीच गोची होती. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं, आणि इकडे लक्ष्मी विलासच्या भिंती चढत होत्या. दोन्ही एकाच दशकातली लेकरं, पण कानाने अगदी वेगळी. नाटक कंपनीला माइक नव्हता. पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला थोडं घुमणं हवं, आणि पदाच्या आधीचा संवाद कळायला घुमणं नको. लाकडी जमीन, कापडी पडदे, दाटीवाटीने बसलेलं पब्लिक, यातून ती तोल साधायची. रंगमंचामागचा रंगवलेला राजवाडा कापडाचा होता, हे नटांचं नशीब. खरा राजवाडा असता तर शकुंतलेचा एक शब्द कुणाला कळला नसता!

घुमटाखाली तर आणखी एक भानगड. आतून खोलगट पृष्ठभाग आवाज विखरत नाही, गोळा करतो. गच्चीवरची डिश जशी आकाशातला सिग्नल एका ठिकाणी आणते, तसा घुमट खालून आलेला आवाज एका जागी आणून ओततो. त्या जागी बसलेल्याला खोकलासुद्धा तोफेसारखा, आणि चार हात पलीकडे काही नाही. गोलघुमटाच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तर समोरच्या टोकाला ऐकू येतं, कारण आवाज त्या गोल भिंतीला चिकटून घसरत जातो. सहलीला फार छान. नाटकात खलनायक कारस्थान कुजबुजतोय आणि ते नेमकं नायकाच्या कानात पडतंय, असं झालं तर पहिल्या अंकातच पडदा.

म्हणून ज्यांना खरोखर नाटकासाठी इमारत बांधायची होती, त्यांनी छताकडे फार लक्ष दिलं. ऑपेरा हाउसचं छत असं घडवलंय की सर्वात वरच्या गॅलरीत बसलेल्यालाही शब्द पोचावा. शिवाय थिएटरमध्ये चहूकडे आवाज गिळणाऱ्या किंवा विखरणाऱ्या वस्तू असतात: भरलेल्या खुर्च्या, कापडी पडदे, लाकडी कठडे, प्लास्टरची नक्षी. प्लास्टरची ती फुलं-पानं नुसती शोभेची नाहीत. सपाट भिंत आवाज आरशासारखा परत फेकते, उंचसखल भिंत त्याचे तुकडे करून चहूकडे पसरते. दरबार हॉलमधली नक्षी आणि झरोकेही तेवढं काम इमानाने करतात. तिथे अजूनही मैफली होतात आणि लोक खूश होऊन येतात.

तर नवीन आलेल्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग कॉलर माइक लावू.’’ हे उत्तर प्रत्येक वर्षी येतं. माइक आवाज मोठा करतो, स्पष्ट करत नाही. घुमणाऱ्या हॉलमध्ये स्पीकर लावला की शब्द मोठा होतो आणि त्याची शेपटीही तेवढीच मोठी होते. प्रमाण तेच राहतं. उपाय एकच, आवाज गिळणारं काहीतरी आणा.

त्या वर्षी आमचा प्रयोग नेहमीच्याच एका शाळेच्या हॉलमध्ये होता. वर पत्रा, खाली गुळगुळीत टाइल्स, मागची भिंत कोरी. तालमीत तिसऱ्या रांगेपलीकडे काही कळत नव्हतं. मी सॅबिनची गोष्ट सांगून बसलो होतो, तेव्हा सगळ्यांनी घरून गोधड्या, रजया, जुन्या सतरंज्या आणल्या आणि दोऱ्या बांधून मागच्या भिंतीवर लटकवल्या. दिसायला धोबीघाट. पण तिसरी घंटा झाली, दिवे गेले, आणि पहिलं वाक्य शेवटच्या रांगेत बसलेल्या एका आजींना कळलं. मी त्यांच्या शेजारीच मिक्सर घेऊन बसलो होतो, त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शाळा भरायच्या आत सगळं उतरवायचं होतं. अंधारात जी हाताला लागली ती गोधडी जो तो घेऊन गेला. एक हिरव्या काठांची, इरकली लुगड्याची, फार बारीक टाके घातलेली, अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे. ग्रुपवर फोटो टाकून झाला. कुणी हक्क सांगायला आलेलं नाही.